स्पायडरमॅनला वाचनालयात जागा द्या

2023 च्या जूनमध्ये स्पायडरमॅन मराठीत बोलला. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा ॲनिमेशनपट भारतात दहा भाषांमध्ये लागला आणि त्यात मराठीही होती. चित्रपटात पवित्र प्रभाकर नावाचा एक देशी स्पायडरमॅन आहे. मुंबई आणि मॅनहॅटनची सरमिसळ करून उभ्या केलेल्या 'मुंबाटन' नावाच्या शहरात तो ट्रॅफिकच्या डोक्यावरून झोके घेत फिरतो. मराठी डबिंगचं दोन-चार दिवस कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण हा पवित्र प्रभाकर काही पडद्यावर जन्मलेला नाही. तो 2004 साली कॉमिकच्या पानांवर आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला घडवलं. ते कॉमिक तुमच्या भागातल्या वाचनालयात मागून बघा. मराठीत राहू द्या, इंग्रजीत मागा.

मी मागून पाहिलं आहे. पुण्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या वाचनालयात काउंटरवरच्या काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मुलगा केवढा आहे तुमचा?" मुलासाठी नकोय, मलाच वाचायचंय, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा खाली केला. "तसलं आम्ही ठेवत नाही हो. फाटतात फार."

तर माझं म्हणणं साधं आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी कॉमिक्स विकत घ्यावीत, सभासदांना घरी द्यावीत आणि जुनी मराठी कॉमिक्स जी काही उरली आहेत ती जपावीत. बालविभागाच्या खालच्या फळीवर, कॅरमबोर्डाशेजारी कोंबून नव्हे. कथा-कादंबऱ्यांच्या रांगेत, लेखक-चित्रकारांच्या नावाने. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे आणि त्यातला काही भाग पुस्तकखरेदीसाठी असतो. म्हणजे पैसा तुमचा-माझा आहे आणि त्यातून काय यावं हे बोलण्याचा हक्क सुपरहिरोंच्या चाहत्यांनाही आहे. आम्ही फक्त तिकीट काढायचं आणि टाळ्या वाजवायच्या, एवढाच आमचा उपयोग नाही.

चित्रपटाच्या बाबतीत पुणे शहर असं वागलेलं नाही, म्हणून तर राग येतो. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे. पी. के. नायर यांनी तिथे उभी हयात घालवली आणि त्यांचा खाक्या असा की आधी गोळा करा, चांगलं-वाईट नंतर ठरवू. स्टंटपट, पौराणिकपट, आपटलेले सिनेमे, अर्धवट रिळं, सगळं त्यांना हवं असे. त्यांच्या काळात सिनेमाकडेही बघायची नजर 'तसलं'चीच होती. आज त्या संग्रहाबद्दल पुणेकर अभिमानाने बोलतो.

आणि बाजीराव रोडजवळचं केळकर संग्रहालय? दिनकर केळकरांनी काय जमवलं? अडकित्ते, दिवे, कुलपं, कंगवे, वज्र्या, दाराच्या चौकटी. लोक जे मोडीत घालत होते ते ते घेत गेले. पैठण शैलीतली चित्रंही त्यांच्या संग्रहात आहेत. गावोगाव फिरणारे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायचे, ती चित्रं. क्रमाने लावलेल्या चित्रांतून गोष्ट, आणि त्या गोष्टीत अचाट शक्तीचे वीर. ती आज काचेआड आहेत. वेताळाचे, म्हणजे कॉमिकमधल्या 'फँटम'चे, मराठी अंक मात्र किलोच्या भावाने जातात.

ते कसे जातात, हे बघायचं तर जुन्या बाजारात जा. 'इंद्रजाल कॉमिक्स' 1964 च्या मार्चमध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं आणि 1990 मध्ये बंद पडलं. ली फॉक यांचा वेताळ, त्यांचाच जादूगार मॅन्ड्रेक, 1976 नंतर आबिद सुरतींचा बहादूर, हे सगळे त्यातून घराघरांत पोचले, इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतूनही. एखादा मराठी अंक अजून हाताला लागतो. मधल्या दोन पिना गंजलेल्या, गंजाचा तपकिरी डाग आरपार चार पानांत उतरलेला. मुखपृष्ठावर शाईच्या पेनाने कुणाचं तरी नाव, इयत्ता, तुकडी. मागच्या पानावरचं कोडं निम्मं सोडवून सोडून दिलेलं. पान उलटताना कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात येतो, कारण हा कागद टिकण्यासाठी बनवलेलाच नव्हता. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद स्वतःलाच खात जातो. उपाय माहीत असलेले आहेत: आम्लमुक्त खोकी, कमी उजेड, कोरडी हवा आणि स्कॅनिंग. खर्चिक आहेत असंही नाही. मात्र करायचं कुणी? ज्या संग्राहकांकडे असे अंक आहेत ते स्वखर्चाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून माळ्यावर ठेवतात आणि त्यांच्या पश्चात घरची मंडळी रद्दीवाल्याला फोन करतात.

आता कुणी म्हणेल, सिनेमा आहे की! गोष्ट तर तीच; आणि पडद्यावर ती जास्त झकास दिसते. कॉमिक म्हणजे सिनेमाचा कच्चा मसुदा, सिनेमा झाला की त्याचं काम संपलं. कॉमिक कधीही हातात न धरलेले पण मार्व्हल या कॉमिक-कंपनीच्या पात्रांवरचे सगळे सिनेमे पाहिलेले माझे कितीतरी मित्र मनापासून असंच मानतात. हा गैरसमज एका उदाहरणाने दूर होतो का बघते.

'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा 33 वा अंक, फेब्रुवारी 1966. चित्रकार स्टीव्ह डिटको. गोष्टीची मांडणीही तोपर्यंत तेच करत होते, संवाद स्टॅन ली यांचे. पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, एका प्रचंड यंत्राखाली अडकला आहे. त्याची मे काकू मरणाच्या दारात आहे, तिचं औषध समोर जमिनीवर पडलं आहे, दिसतंय पण हात पोचत नाही. वरून पाणी गळतंय आणि वाढतंय. डिटको करतात काय, तर घाई करत नाहीत. पानंच्या पानं हा पोरगा नुसता जोर लावतो आहे. चौकटी आधी लहान, दाटीच्या. यंत्राचा काळा भार त्यांत इतका की पीटरला जेमतेम खालचा कोपरा उरलेला. मग चौकटी हळूहळू वाढायला लागतात, भार वर सरकतो, माणसाला जागा मिळते. आणि शेवटी अख्ख्या पानभर एकच चित्र: त्याने ते उचललेलं आहे.

यात हालचाल एका रेषेचीही नाही. जी आहे ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आणि बोटांत. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत त्याने किती वेळा दम घेतला हे मी ठरवते. पुढचं पान कधी उलटायचं हेही मीच. हवं तर मागे जाऊन औषधाच्या डबीकडे पुन्हा एकदा बघून येते, आणि तेवढा वेळ पीटर यंत्राखालीच असतो. थिएटरमध्ये मला हा अधिकार नसतो.

2017 च्या 'स्पायडरमॅन: होमकमिंग' या सिनेमामध्ये हाच प्रसंग घेतला आहे आणि चांगला घेतला आहे. टॉम हॉलंड ढिगाऱ्याखाली आहे, तो आधी घाबरून अक्षरशः लहान मुलासारखा हाका मारतो, मग साचलेल्या पाण्यात त्याला स्वतःचा अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा दिसतो. त्या हाका मात्र कॉमिकमध्ये नाहीत आणि त्या ऐकताना पोटात कालवतं, हे मान्यच करायला हवं. पण या प्रसंगातून काकू गेली, औषध गेलं. आता प्रश्न असा झाला आहे की आयर्नमॅन टोनी स्टार्कने दिलेल्या सूटशिवाय हा मुलगा कुणी आहे की नाही. एकात माणूस दुसऱ्या कुणासाठी उठतो, दुसऱ्यात स्वतःला सिद्ध करण्यासाठी. दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. मात्र त्या दोन आहेत. ज्याने फक्त सिनेमा पाहिला त्याने पहिली वाचलेलीच नाही.

उलट बाजूनेही हेच खरं. 1978 च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह सहकारी लोईसच्या घरात क्लार्क केंट म्हणून, म्हणजे सुपरमॅनच्या रोजच्या साध्या रूपात, उभा आहे. ती आतल्या खोलीत जाते. तो चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे उघडतात, आवाज खाली येतो आणि त्याच कपड्यांत, काही उडणंबिडणं न करता तो सुपरमॅन होतो. मग धीर सुटतो आणि तो पुन्हा पोक काढून क्लार्क होतो. चष्मा घातला की लोईस ओळखत नाही, या कॉमिकमधल्या थट्टेच्या विषयाला एका नटाने नुसत्या पाठीच्या कण्याने उत्तर दिलं. डिटकोंना हे जमलं नसतं आणि रीव्हला ती पानं जमली नसती. म्हणून मला एकाचा जय आणि दुसऱ्याची हार यात रस नाही. सिनेमाची काळजी घ्यायला संग्रहालय आहे, संस्था आहे, महोत्सव आहेत, तिकीटबारी आहे. कॉमिकची काळजी घ्यायला कोण आहे, एवढाच सवाल.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे: श्रेयाची. मार्व्हलचा सिनेमा संपल्यावर मल्टिप्लेक्समध्ये काय होतं ते पाहा. कुणी उठत नाही, कारण नावं संपल्यावर एक छोटा प्रसंग दाखवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पडद्यावरून शेकडो नावं सरकत असतात, सगळं थिएटर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं, आणि त्या नावांतच कुठेतरी बारीक अक्षरांत ती माणसं असतात ज्यांनी हे सगळं आधी कागदावर काढलं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी ऐन विशीत सुपरमॅन घडवला आणि 1938 मध्ये त्याचे हक्क 130 डॉलरला गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या ते हरले. 1975 मध्ये सिनेमा निघणार म्हटल्यावर सीगल यांनी जाहीर टाहो फोडला, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वार्षिक मानधन आणि कॉमिकवर नाव परत दिलं. बॅटमॅनची कथा याहून वाईट. 1939 पासून बॉब केन यांचं एकट्याचं नाव. ज्याने त्या पात्राचा काळोख, केप, बालपणीचा घाव यांतलं बरंचसं रचलं तो बिल फिंगर 1974 मध्ये बिननावाचा गेला. अधिकृत श्रेयनामावलीत त्याचं नाव यायला 2015 उजाडावं लागलं. चित्रकार जॅक कर्बीच्या वारसांचा मार्व्हलशी वाद 2014 मध्ये मिटला; तोवर त्याने काढलेली पात्रं जगभर धंदा करत होती.

मराठी वाचक लेखकाच्या नावाबाबत किती हळवा असतो हे मी सांगायला नको. एखाद्या कवितेखाली चुकीचं नाव पडलं तर सदाशिव पेठेतून पत्रं जातात. ग्रंथालयाचा सगळा डोलारा मुळात नावावर उभा आहे: कार्डावर आधी लेखक, मग पुस्तक. कॉमिक तिथे आलं की आपोआप 'डिटको, स्टीव्ह' अशी नोंद होते आणि 'ते स्पायडरमॅनवालं' असं म्हणता येत नाही. सिनेमाच्या कंपनीने जे द्यायला दशकंच्या दशकं लावली ते ग्रंथपाल पाच मिनिटांत देतो.

मुलं बिघडतील, भाषा बिघडेल, डोळे बिघडतील, हा आक्षेप आपल्याकडे आजीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी घेतला आहे. त्याचा उगमही पाहून घेऊ, कारण अमेरिकेत हे नाटक पूर्ण अंकासह होऊन गेलं आहे. 1940 च्या दशकाच्या शेवटी तिकडे शाळाशाळांतून कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठावर त्या संहितेच्या मंजुरीचा शिक्का असल्याशिवाय वितरक अंक हातात धरेनात. हा शिक्का काय करायचा याचा एक नमुना: 1971 मध्ये अमेरिकी सरकारच्याच आरोग्य खात्याने स्टॅन ली यांना अमली पदार्थांविरुद्ध काही लिहा अशी विनंती केली. त्यांनी लिहिलं. गोष्टीत अमली पदार्थ आहेत म्हणून शिक्का नाकारला गेला! ते अंक शिक्क्याशिवाय निघाले आणि आभाळ कोसळलं नाही. ती संहिता पुढे ढिली होत होत 2011 मध्ये पूर्ण संपली.

वर्थॅम खलनायक नव्हते, हे इथे सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी जवळजवळ फुकट दवाखाना चालवला, वंशभेदी शाळांविरुद्धच्या लढ्यात त्यांच्या अभ्यासाचा उपयोग झाला. मुलांबद्दलचा कळवळा खरा होता. पण त्यांची कागदपत्रं संशोधकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी ती तपासली आणि 2012 मध्ये दाखवून दिलं की वर्थॅम यांनी मुलांचे जबाब कापले, जोडले, सोयीने वाकवले. या टिलीबाई ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. मला हे फार आवडतं.

'परकं' हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वेताळाच्या गोष्टींत पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस जंगलातल्या काळ्या लोकांचा पालनहार असतो, हे आज वाचताना खुपतं. इंद्रजालवाल्यांनाही काहीतरी खुपलं असावं, कारण त्यांनी मूळच्या बंगालाचं डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचं सिंगा केलं, म्हणजे निदान आपल्या लोकांना तरी लागू नये. युद्धकाळातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये जपान्यांची चित्रं तर किळसवाणी आहेत. त्याच काळात, अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी, सायमन आणि कर्बी या दोन ज्यू पोरांनी कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच मुखपृष्ठावर त्याच्याकडून हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारवला. हे दोन्ही एकाच कपाटात असायला हवं. वाचनालय म्हणजे काही सत्यनारायणाची पूजा नव्हे, तिथे सगळंच सोवळं असावं असं नाही. चांगल्या घरातल्या म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांत बायकांबद्दल आणि जातींबद्दल जे लिहून ठेवलं आहे ते आपण फळीवरून काढलेलं नाही, काढूही नये.

शिवाय परकं ते वाचायचं नाही असं मराठीने कधी ठरवलं होतं? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला आणि त्याच भागवतांच्या लेखणीतून पुण्याचा फास्टर फेणे सायकलवरून निघाला. त्याच्यावर 2017 मध्ये सिनेमाही आला. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वेशांतर करून श्रीमंत बदमाशांना लुटत होता तेव्हा समीक्षक नाकं मुरडत होते आणि वाचक रांगा लावत होते. बाहेरचं घ्यायचं, पचवायचं आणि मग आपलं लिहायचं, हा रस्ता रुळलेला आहे. आज अडचण अशी की बाहेरचं थेट डब होऊन येतं आणि बघून संपतं. त्यातून मराठीत लिहिणारा-काढणारा कुणी तयार होत नाही, कारण सिनेमा बघून पानाची मांडणी शिकता येत नाही. चौकट कुठे तोडायची, संवादाचा फुगा कुठे ठेवायचा म्हणजे डोळा आधी तिकडे जाईल, आवाजाची अक्षरं केवढी काढायची, हे कॉमिक समोर ठेवूनच कळतं. अभिनव कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने ते कुठे बघायचं? फोनवर?

हो, फोनवर. तिथे चोरून स्कॅन केलेलं सगळं फुकट मिळतं, असं मला एका सुजाण गृहस्थांनी सांगितलं. 'सुजाण' मी आदराने म्हणते आहे, कारण पुस्तकचोरीविरुद्ध ते एरवी तावातावाने बोलतात. संग्रहित आवृत्त्यांच्या इंग्रजी पुस्तकांच्या किमती मात्र खरोखर अंगावर येतात. जाडजूड खंडाला सहज हजार-दोन हजार मोजावे लागतात. बाणेर-बालेवाडीच्या फ्लॅटमधला मुलगा वाढदिवसाला तो मागून घेतो. दत्तवाडीतला मुलगा त्याच स्पायडरमॅनचा बनियन घालतो, त्याच्याच चित्राचं दप्तर नेतो, आणि पुस्तक मात्र त्याच्या हाती पडत नाही. जे महाग आहे, एकदाच वाचायचं असतं असं नाही, आणि अनेकांना हवं आहे, ते सार्वजनिक पैशातून एकदा घेऊन शंभर जणांना फिरवायचं, याचसाठी वाचनालयं निघाली. पुण्यात ती 1848 पासून निघाली. तेव्हा 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असलेलं आजचं नगर वाचन मंदिर त्याच वर्षीचं.

फाटतात, हे खरं आहे. जे वाचलं जातं ते फाटतं. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाची रांगोळी काढणाऱ्यांनी एखादं पुस्तक वाचून वाचून फाटलं याचा सत्कार करायला हरकत नाही. बांधणी करून घ्यायची, पारदर्शक आवरण चढवायचं. संदर्भग्रंथांना हे करतोच की आपण.

मराठीत करता येणार नाही, असंही नाही. बालभारती याच शहरात आहे. तिचा 'किशोर' 1971 पासून निघतो, त्यात एकाहून एक चित्रकारांनी काम केलं आणि त्याचे जुने अंक स्कॅन करून सगळ्यांना मोफत खुले केले आहेत. म्हणजे इच्छा असली की पुण्यातली सरकारी संस्था हे करू शकते, केलेलं आहे. 'इंद्रजाल'च्या मराठी अंकांचे हक्क दुसऱ्यांचे आहेत, त्यामुळे ते उद्या इंटरनेटवर टाका असं मी म्हणणार नाही. निदान एका ग्रंथालयात एक पूर्ण संच तरी असावा, तिथे जाऊन बसून बघता यावा. देणगीचं आवाहन केलं तर माळ्यावरचे खोके आपणहून येतील. त्यांचे मालक वाटच बघत आहेत. राहिला नव्या भाषांतरांचा प्रश्न, तर प्रकाशक म्हणतात वाचक नाही, आणि वाचनालयं म्हणतात पुस्तकंच नाहीत. पाचशे वाचनालयांनी एकेक प्रत घेऊ असं आगाऊ कळवलं तर प्रकाशकाचं गणित तिथेच बदलतं. मराठीत कवितासंग्रह अजून छापले जातात ते बऱ्याच अंशी याच आधारावर, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आता काय घ्यावं यावर आम्हा चाहत्यांतच मारामाऱ्या होतील. माझं मत विचाराल तर सुरुवात चकचकीत नव्या अंकांनी करू नये. सिनेमा आला की त्याच्या आगेमागे निघणारा माल बहुतेक पाडलेला असतो. आधी डिटको-ली यांचा स्पायडरमॅन, कर्बीचे 'फॅन्टास्टिक फोर', क्रिस क्लेअरमॉन्ट आणि जॉन बर्न यांचे एक्स-मेन; 2014 चा एक्स-मेनचा सिनेमा ज्यावरून निघाला ती 1981 ची दोन अंकांची गोष्ट त्यातच आहे आणि सिनेमापेक्षा किती आटोपशीर आहे ते दिसेल. मग ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन'. ते प्रौढ विभागात ठेवा, सोळाच्या आतल्याला देऊ नका. सुपरमॅनचे अगदी पहिले अंक जरूर घ्या. त्यातला सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत बसत नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आणि लाचखाऊ पुढाऱ्याला धरतो, मराठी वाचकाला तो लगेच ओळखीचा वाटेल.

बहुतेक वाचनालयांत काउंटरच्या कडेला दोरीने बांधलेली मागणीवही असते. पुस्तक बदलायला जाल तेव्हा तीत लिहा. नुसतं 'कॉमिक्स ठेवावीत' असं लिहून उपयोग नाही. लेखक, चित्रकार, प्रकाशक, किंमत आणि आपला सभासद क्रमांक असं सगळं लिहा, नाहीतर मागणी अपुरी म्हणून बाजूला पडते. माझ्या वाचनालयात हा अनुभव येऊन गेला आहे. आता किमतीसकट लिहिलं आहे, आणि खाली आणखी दोघांनी 'मलाही हवे' म्हणून सह्या केल्या आहेत.